नाव घातलेले डबे

सांगलीतल्या मंगलदीप सोसायटीच्या तळमजल्यावर शालनताई ढमढेरे यांचं पोळीभाजी केंद्र होतं. तिथल्या अळूच्या पातळ भाजीचा वास थेट चौथ्या मजल्यापर्यंत जाई, आणि चौथ्या मजल्यावर राहत होते सोसायटीचे अध्यक्ष टिपणीससाहेब. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पण हुकूम सोडायची सवय काही निवृत्त झालेली नव्हती.

वार्षिक सभेत ते गरजले, "ही घरंदाज माणसांची इमारत आहे. विकतची पोळी माझ्या घराचा उंबरा आजवर ओलांडून आलेली नाही! हे दुकान इथून हलवा."

"आमच्याकडेही नाही बाई," चारी बाजूंनी आवाज उठले.

शालनताई शांतपणे उठल्या. "हलवते की, साहेब. दोन मिनिटं थांबा." खाली जाऊन त्या टोपलीभर स्टीलचे डबे घेऊन आल्या आणि टेबलावर मांडले. "पाहुण्यांना घरचं वाटलं पाहिजे, आमच्याच डब्यात भरून द्या, असं सांगून मंडळी सकाळी हे ठेवून गेलीत. आता दुकानच जाणार, तर ज्याचा त्याला द्यायला हवा. प्रत्येकावर नाव घातलेलं आहे. मोठ्यानं वाचू का?"

सगळ्यात वरचा मोठा डबा त्यांनी चष्म्याजवळ नेला.

"नको!" सगळी सभा एकदम ओरडली. त्यात अध्यक्षांचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

घाम पुसत टिपणीससाहेब म्हणाले, "दुकान... राहू द्या."

"बरं," डबे पुन्हा टोपलीत रचत शालनताई म्हणाल्या, "मग हे संध्याकाळी भरूनच पाठवते."