कासवीची चौथी खेप

मुलांनो, एका मोठ्या शहराच्या ऐन मध्यावर एक भलेमोठे उद्यान होते. त्यात झाडी होती, ओढा होता, तळे होते, आणि या सगळ्यांतून वळणे घेत जाणारी एक पायवाट होती. तिला लोक 'निसर्गवाट' म्हणत. तिच्यावर पावलोपावली पाट्या लावलेल्या होत्या: इकडे बांबूचे बन, तिकडे ओढा, गवतावर चालू नये. तळ्यात एक कासवी राहत असे. तिच्या कवचाच्या कडेचा एक टवका उडालेला होता. दर वर्षी थंडी सुरू झाली की ती तळ्यातून निघे, पायवाट ओलांडे आणि बांबूच्या बनामागच्या वाळूच्या चढावर अंडी घाली. तिची आईही तिथेच घालत असे, आणि तेव्हा तर तिथे पायवाटसुद्धा नव्हती.

त्या दिवशी सकाळी कासवीला राहवेना. अंडी आजच घालायची होती. पाण्यात पडली तर ती कुजणार, हे तिला पक्के ठाऊक होते. ती काठावर आली तेव्हा पाटीवर बसलेला बगळा म्हणाला, "कुठे निघालीस? ही वाट आता माणसांची आहे. पाटी वाचली नाहीस?"

"पाटी लावताना मला कोणी विचारले होते?" कासवी म्हणाली आणि चालू लागली.

झाडावरची खार घाबरून म्हणाली, "अगं, निदान झुडपाआडून तरी जा. चारचौघांत कशाला?"

"लपून जायला मी काय चोरी करते आहे?"

उद्यानात रोज कर्णिक आजोबा फिरायला येत. माणूस फार दयाळू. त्यांच्या रोजच्या तीन फेऱ्या ठरलेल्या, आणि एकेक फेरी चांगली अर्ध्या तासाची. पहिल्या फेरीत त्यांना वाटेच्या मधोमध कासवी दिसली. "अरेरे, वाट चुकलं बिचारं!" असे म्हणून त्यांनी तिला उचलले आणि तळ्यात नेऊन सोडले. कासवी पुन्हा निघाली. दुसऱ्या फेरीत आजोबांनी तिला पुन्हा उचलले. "वेडाबाई, चेंगरशील ना कुणाच्या पायाखाली!" म्हणत त्यांनी तिला पुन्हा पाण्यात सोडले. तिसऱ्या फेरीत तर त्यांनी कमाल केली. तिला आपल्या टोपीत घालून ते थेट तळ्याच्या पलीकडच्या काठाला घेऊन गेले आणि तिथे सोडून हात झटकत परत आले. एवढ्या मायेने केलेला एवढा छळ मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

बगळा हसून म्हणाला, "आता तरी पुरे कर. तो म्हातारा काही वाईट माणूस नाही. तुझ्या भल्यासाठीच करतो आहे."

"माझे भले वाळूत आहे," कासवी म्हणाली. ती दमली होती, पोट जड झाले होते. तरी तिने अख्खे तळे पोहून पार केले आणि चौथ्यांदा काठ चढली.

आजोबा वाटेवर हात वरखाली करत व्यायाम करत होते. त्यांच्या नजरेला आधी ती टवका उडालेली कड पडली. "अरे, ही तर तीच!" त्यांनी तिला उचलले. या वेळी कासवीने मान आत घेतली नाही. चारही पाय हवेत मारत ती चालतच राहिली आणि आजोबांच्या मनगटावर तिने चांगला ओरखडा काढला.

"काय हट्टी आहे बघा!" आजोबा ओरडले.

पालापाचोळा झाडणाऱ्या गिरजाबाई झाडू टेकवून उभ्या राहिल्या. "हट्टी नाही हो काका, तिला कामाला जायचंय. तुम्ही फिरायला निघालात आणि दर फेरीला कुणी तुम्हाला उचलून घरी नेऊन बसवलं तर?"

आजोबांचा चेहरा पडला. त्यांनी कासवीला हळूच खाली ठेवले. मग ते दोन्ही हात पसरून तिच्या मागून चालले, आणि पळायला आलेल्या लोकांना त्यांनी दटावून थांबवले. कासवी पायवाट ओलांडून गेली, बांबूच्या बनातून चढावर पोहोचली, तिने वाळू उकरली आणि अंडी घातली.

कासवी परत येताना बगळा म्हणाला, "त्या बाईचे आभार मान. ती बोलली म्हणून तुझे काम झाले."

"मानते," कासवी म्हणाली. "पण मी चौथ्यांदा निघालेच नसते, तर ती बोलली असती कोणासाठी?"

कासवी सावकाश पाण्यात उतरली.

तात्पर्य : आपल्याला कुठे जायचे ते पक्के ठाऊक असेल, तर कोणी कितीही मायेने मागे आणून ठेवले तरी तिथे बसून राहू नये, पुन्हा निघावे. आणि मुलांनो, कोणाला उचलण्याआधी तो कुठे निघाला आहे, तेवढे पाहावे.