ठकूबाईची हाक

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतक्या वर्षांपूर्वीची, की ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांच्या पतवंडांचेही केस पिकून गळून गेले. डोंगराच्या पायथ्याशी हिवरखिंड नावाचं गाव होतं. अजूनही आहे. गावाला एक लहानशी नदी होती, नदीवर दगडांचा बंधारा होता, आणि बंधाऱ्यातून निघालेला पाट गावची सगळी शेतं भिजवत जायचा. पाट एकच, शेतं पुष्कळ, आणि शेतांचे मालक एकाहून एक भांडखोर. म्हणून गावानं एक पाटकरी ठेवलेला असायचा. पाणी कोणाच्या शेतात सोडायचं, कधी वळवायचं हे त्यानं बघायचं आणि बदल्यात सगळ्यांच्या शिव्या खायच्या.

असा एक पाटकरी ऐन पेरणीच्या दिवसांत तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली त्याची बायको ठकूबाई. शिव्या खायची नोकरी दुसरं कोणी घेईना, तेव्हा नवऱ्याचं फावडं तिनं उचललं. कामाबद्दल पाटकऱ्याला जमिनीची एक पट्टी दिलेली होती, तीही पाटाच्या अगदी शेवटाला. सगळ्यांची शेतं भिजल्यावर उरेल ते पाणी तिकडे जायचं. ती पट्टी पिकली तर ठकूबाई गावात राहणार, नाही पिकली तर फावडं परत देऊन दूरच्या भावाच्या दारी जाणार, हे तिला ठाऊक होतं आणि गावालाही ठाऊक होतं.

ठकूबाईपुढे पहिली अडचण उभी राहिली ती अशी. शेतं लांबच लांब. पाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की पाणी शेवटच्या वाफ्याला लागलं की नाही ते दिसायचं नाही. मग ती सगळ्यांना म्हणाली, "पानी टोकाला लागलं की नुसतं 'पावलं' म्हून हाक द्या. म्हंजी मी फुडं वळवते."

सांगितलं सोपं, पण गाव बावरलं. कारण 'पावलं' आपण कधी म्हणतो? कोणी जेवायला बोलावलं आणि पोट भरलेलं असलं, की हात जोडून म्हणतो, पावलं. तुमचं मिळाल्यासारखंच आहे, पण आता नको. माणसांपुढे हे ठीक. पण पाण्याला पावलं म्हणायचं? त्याला वाटलं की याला आपण नको आहोत आणि गेलं रुसून, तर? सगळ्यात जास्त घाबरला तो पाटाच्या तोंडाशी पहिलं शेत असलेला खेत्रोजी. तो स्पष्टच म्हणाला, "त्यो शबूद माझ्या शेतात न्हाई निघायचा." पहिल्यानं तोंड मिटलं, मग मागच्या सगळ्यांनी मिटलं.

कोणी म्हणेना, तर ठकूबाई स्वतःच म्हणू लागली. प्रत्येक शेताच्या टोकापर्यंत चालत जायची, पाणी लागलेलं बघायची आणि त्या मालकाच्या वतीनं हाक द्यायची, "पावलं!" मग तोंडाशी परत येऊन पाणी वळवायची. ती तिथवर येईपर्यंत शेतात तळं झालेलं असायचं, ती गोष्ट वेगळी.

पण एक झालं. दिवसभर आलेलं पाणी बघून बघून तिला आलेलं बघायची सवयच जडली. सकाळी उंबऱ्यावर ऊन आलं, की म्हणायची, पावलं. शेजारणीनं चुलीला विस्तव दिला, पावलं. वाटेत वाऱ्यानं घाम सुकवला, पावलं. एकदा खेत्रोजीनं बांधावरून तिच्या सात पिढ्या उद्धारल्या, तर तिनं त्यालाही तेच म्हणून टाकलं. पोरं तिला पावलंबाई म्हणायला लागली आणि बायका पाणवठ्यावर पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांना वाटायचं, नवरा गेल्यानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्यांना एक माहीत नव्हतं. तिला ते सोपं जात नव्हतं. काही संध्याकाळी रिकाम्या घरात ती चुलीपुढे बसायची आणि शब्द ओठांवर यायचाच नाही. आज काय आलं आपल्याकडे? काहीच नाही, असं वाटायचं. मग ती सगळा दिवस पुन्हा मनात चालून यायची, पाट चालावा तसा, तोंडापासून टोकापर्यंत. कधी काही सापडायचं, कधी नाही सापडायचं. नाही सापडलं तर गप्प निजायची. असं म्हणतात, की खोटं पावलं ठकूबाईच्या तोंडून कधी निघालं नाही.

मग ते वर्ष आलं. पौषातच नदी बारीक झाली. बंधाऱ्यातलं पाणी खाली खाली जाऊ लागलं, तसे वरचे लोक घाबरून जास्तच पाणी धरू लागले. ठकूबाई एका शेताच्या टोकाला गेली, की मागे पाटाचं तोंड कोणीतरी पुन्हा आपल्याकडे फोडायचं. शेवटच्या पट्टीला पाण्याचा थेंब पोचेना. तिचा गहू गुडघ्याएवढा होऊन थांबला, पिवळा पडला, मग पांढरा पडू लागला. भावाला निरोप धाडायचं तिनं मनाशी ठरवलंसुद्धा.

आणि त्याच दिवसांत एका सकाळी खेत्रोजीनं आपल्या शेतात उभा असताना हाक ऐकली. पाटाच्या पार टोकाकडून आलेली, मोठ्यानं दिलेली, आनंदाची. "पावलं!"

खेत्रोजीच्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी इथं, माझ्या वाफ्यात, आणि हिला पावतं कसं? चोरलं! त्यानं चौघांना हाका मारल्या, काठ्या घेतल्या आणि सगळे पाटाच्या कडेनं धावत निघाले. बघतात तर पट्टीभर जमीन भेगाळलेली, आणि ठकूबाई एका कोपऱ्यात मातीवर हात ठेवून बसलेली.

"कुठलं पानी पावलं तुला? दाव!" खेत्रोजी ओरडला.

तिनं हात उचलला. उंदराच्या बिळातून पाझरून परातीएवढी ओल वर आली होती. तेवढ्या ओलीत गव्हाची थोडी रोपं हिरवी उभी होती.

"एवढंच?"

"एवढंच की, भावजी. पन आलं."

काठ्या खाली झाल्या. बाकीचे तोंड चुकवून परत फिरले. खेत्रोजी मात्र बांधावर मटकन बसला. बोलला तेव्हा त्याचा आवाज वेगळाच होता.

"वैनी, ह्या शब्दानं माझी भन गेली. दुष्काळ हुता. मी ल्हान. शेजारीन पदराखाली नाचनी घिऊन दारात आली. आई लाजली. 'पावलं' म्हनली. शेजारनीला वाटलं, घरात आसंल, म्हून ती माघारी गेली. घरात काय बी नव्हतं. भनीनं दम न्हाई काढला. तवापास्नं मी त्यो शबूद त्वांडात आनला न्हाई."

ठकूबाईला गलबलून आलं. इतकी वर्षं जो माणूस तिला नुसता आडमुठा वाटत होता, त्याच्या पोटात हे होतं. ती म्हणाली, "भावजी, तुमच्या आईनं पदरात न आलेल्याला पावलं म्हनलं. मी आलेल्याला म्हनते. ते बिचारं डोंगरावरनं एवढं लांब चालत येतं. पोचलं का न्हाई, हे त्येला कुनी तरी सांगाया नगं?"

खेत्रोजी उठला. आपल्या शेताच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिथं घोटाभर पाणी साचलेलं होतं आणि गव्हाची मुळं कुजायला लागली होती. रोज तो ते बघत होता, पण आज त्याला ते दिसलं. दिवस कलला. तो उभाच. हाक द्यायला तोंड उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. त्याला आईचे जोडलेले हात दिसायचे आणि दारातून परत निघालेली ती शेजारीण दिसायची. शेवटी गुरं घराकडे वळायच्या वेळेला त्यानं डोळे मिटले आणि हाक दिली.

ती हाक अशी काही फाटकी निघाली, की शेजारच्या शेतकऱ्याला वाटलं याला साप चावला. तो धावत आला. बघतो तर खेत्रोजी रडतोय आणि फावड्यानं पाणी पुढं वळवतोय. पाणी त्या शेजाऱ्याच्या शेतात शिरलं. टोकाला लागल्याबरोबर त्यालाही राहवलं नाही, त्यानंही हाक दिली. मग त्याच्या पुढच्यानं दिली. असं म्हणतात, की त्या संध्याकाळी पाण्याच्या पुढे हाक चालत होती आणि पाणी तिच्या मागे धावत होतं. फावडं लागायच्या आधीच पाटाचं तोंड आपोआप उघडत होतं. दिवेलागणीला पाणी शेवटच्या पट्टीत शिरलं आणि ठकूबाईच्या पायांवरून वाहायला लागलं.

आणि गंमत बघा, दिवसभर जिच्या तोंडात तो शब्द, तिलाच तो उच्चारता येईना. ती नुसती उभी राहिली. तिकडे वर सगळं गाव कान देऊन थांबलं होतं. चुली पेटलेल्या, भाकऱ्या झालेल्या, पण खेत्रोजी ताटावर बसेना, म्हणून कोणीच बसेना. मग आली तिची हाक. असं म्हणतात, की ती खिंडीपलीकडे ऐकू गेली आणि तिकडच्या माणसांनीही, काय आलं ते माहीत नसताना, हात जोडले. त्या वर्षी बंधाऱ्यातलं पाणी चैत्रापर्यंत आटलं नाही. वाया जायचं थांबलं म्हणून पुरलं, असं शहाणी माणसं म्हणतात. म्हणोत बापडी. गहू मात्र सगळ्यांचा झाला, आणि ठकूबाई मरेपर्यंत हिवरखिंडीतच राहिली.

ती गेल्यावर तिच्या पट्टीत कोणी पेरलं नाही. पण तेव्हापासून गावात एक रीत आहे. पाण्याची पाळी संपताना शेवटचं पाणी त्या रिकाम्या पट्टीतल्या एका वाफ्यात सोडतात. जो कोणी तिथं असेल तो हाक देतो, आणि ती ऐकल्याशिवाय खेत्रोजीच्या घराण्यात कोणी जेवत नाही. आता विजेच्या मोटरी आल्या, तरी हे चुकत नाही. परगावचे पाहुणे हाक ऐकून खाली बघतात आणि विचारतात, "कुणाची पावलं?" मग त्यांना ही सगळी गोष्ट ऐकावी लागते.

मागे एका वर्षी बंधारा पार कोरडा पडला. गावात टँकर यायला लागला. पाळीचा दिवस आला, तेव्हा जाणती माणसं म्हणाली, प्यायला पाणी नाही, रिकाम्या वाफ्यात कुठलं ओतता, यंदा राहू दे. कोणालाच ते चुकीचं वाटलं नाही. संध्याकाळ झाली. खेत्रोजीच्या घरात त्याच वर्षी लग्न होऊन आलेली सून होती, निर्मला. तिनं स्वतःच्या वाट्याच्या पिण्याच्या पाण्यातलं अर्धं तांब्यात घेतलं आणि चालत टोकाच्या पट्टीपर्यंत गेली. पाणी मातीनं ओतल्याओतल्या पिऊन टाकलं. त्या पोरीला मोठ्यानं ओरडायची सवय नव्हती, नव्या नवरीला लाजही वाटत असणार. तरी तिनं हाक दिली. वर घरात सासूनं ती ऐकली, डोळे पुसले आणि सगळ्यांची ताटं वाढायला घेतली.