राणी बदललेली पेटी

“ते सगळं ठीक आहे हो बुवा, पण कधी?”

शलाकाने तिसऱ्यांदा विचारलं. केदारगिरीबुवांनी तिसऱ्यांदा ते ऐकलंच नाही.

मठाच्या ओट्यावर मांडी घालून ते मेण मळत बसले होते. मधमाश्यांची जुनी पोळी वितळवून काढलेलं मेण, घमेल्यात कोमट पाणी, आणि शेजारी केळीच्या पानावर पिवळ्या गोळ्यांची रांग.

त्या मठात एक रीत होती. बुवांच्या गुरूंपासून चालत आलेली. ज्याला काही विचारायचंय, त्याचे हात चालू हवेत. कुणी शेंगा फोडत वैराग्याबद्दल विचारायचं, कुणी अंगण झाडत मुलीच्या लग्नाबद्दल. हात थांबले की बुवांचं तोंड बंद.

शलाकाला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. चौथ्या वेळी ती ओरडून विचारणार, एवढ्यात बुवांनी घमेलं तिच्यापुढे सरकवलं.

“घे. वळ.”

“मी?”

“प्रश्न तुझा ना? मग हात माझे कशाला?”

तिने बाह्या वर केल्या आणि मेणाचा एक लपका उचलला. सकाळचे नऊ वाजले होते. सकाळी तिचे हात तिचं ऐकत. म्हणून तर ती पहिल्या एसटीने आली होती, आणि मठाच्या चोवीस पायऱ्या तीनदा बसून चढली होती. वर पोचल्यावर मात्र एका दमात आल्यासारखा चेहरा करून उभी राहिली होती.

“हं,” बुवा म्हणाले. “आता सांग. काय झालंय तुला?”

“मायस्थेनिया ग्रॅव्हिस.”

“नाव नको. काय झालंय?”

शलाका जरा दुखावली. साताऱ्याच्या ज्युनिअर कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची. आपलं शरीर आपलं आणि परकं कसं ओळखतं, हा धडा तिने आठ वर्षं बारावीला शिकवला होता. पांढऱ्या खडूने आपल्या पेशी, लाल खडूने परक्या. दीड वर्षापूर्वी तिच्याच शरीराने खडूंची अदलाबदल केली.

“आधी डावी पापणी पडली,” ती म्हणाली. “वर्गाला वाटलं, मॅडम डोळा मारतात.”

बुवा खुदकन हसले.

“मग एकाचे दोन दिसायला लागले. मग जेवताना अर्ध्या भाकरीत जबडा दमायला लागला. सकाळी मी माणूस असते. संध्याकाळी पोतं.”

“कोण करतं हे?”

“मीच.” तिने पहिला गोळा पानावर ठेवला. तो बुवांच्या गोळ्यांपेक्षा गोल झाला होता, हे तिने पाहून घेतलं. “म्हणजे माझंच शरीर. मेंदू निरोप धाडतो, हात उचल. स्नायूच्या दारात तो निरोप घ्यायची जागा असते. माझ्याच रक्तातले पहारेकरी त्या जागा अडवून बसतात, मोडून टाकतात. त्यांना वाटतं, तिथे शत्रू आहे.”

“असं त्यांना कुणी शिकवलं?”

हा प्रश्न बारावीच्या एकाही मुलाने कधी विचारला नव्हता. शलाकाला जोर चढला. तिने मेणाळलेलं बोट छातीच्या मधोमध ठेवलं.

“इथे हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. पहारेकऱ्यांची शाळाच म्हणा. आपलं कोण, परकं कोण, ते तिथे शिकवलं जातं. माझ्या शाळेत काहीतरी चुकीचं शिकवलं गेलं.”

“मास्तरीणबाईंच्या शाळेत?”

“हसा तुम्ही.” पण तीही हसली. बऱ्याच दिवसांनी. हसताना ओठाची एक कड वर गेली, दुसरी जागच्या जागी राहिली. तिने पटकन मान वळवली. “म्हणून शाळाच काढून टाकली. ऑपरेशन करून. आठ महिने झाले.”

“मग संपलं की.”

“तेच तर विचारतेय! शाळा गेली. पण आधीच शिकून बाहेर पडलेले अजून रक्तात फिरतायत ना. डॉक्टर म्हणतात, वर्ष लागेल, दोन लागतील, तीनही लागतील. कुणाकुणाला फारसा फरक पडतच नाही म्हणे. असं कुठे असतं का? मला तारीख हवीय, बुवा.”

“माझ्याकडे?”

जीवशास्त्राची बाई गोसाव्याकडे आजाराची तारीख मागायला आली, हे स्टाफरूममध्ये कळलं असतं तर चार दिवस चहाबरोबर पुरलं असतं. नवरा हर्षद चाकणला नोकरीला. शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मधले सहा दिवस घरात रजेवर बसलेली ती आणि दर चार तासांनी गोळीची आठवण करून देणारा मोबाईल. रिकाम्या घरात तो वाजला की ती त्याला “हो रे बाबा, घेते” असं मोठ्याने म्हणायची. गेल्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, बुधवारी दिवसभरात ती एवढं एकच वाक्य बोलली होती.

बहुतेक म्हणूनच ती आली होती. पण हे काही कुणाला सांगण्यासारखं नाही.

दुसरा गोळा झाला. तिसरा झाला. चौथा चपटा झाला.

पाचव्याला बोटांनी नाही म्हटलं.

तिने मेण दाबलं. मेण दाबलं गेलं नाही. तिने तळहात बदलला, कोपर गुडघ्यावर टेकवलं, आणि समोरची टेकडी फार आवडल्यासारखी तिच्याकडे बघत बसली. डावी पापणी हळूहळू खाली आली. टेकड्या दोन झाल्या.

“मग? सांगा ना,” ती म्हणाली. शब्द नाकातून आले.

बुवा गप्प.

“बुवा...”

बुवा तिच्या हातांकडे बघत होते. हात मांडीवर पडले होते, कुणीतरी विसरून गेल्यासारखे.

“मी दमलेली नाही. जरा मेण गार झालंय.”

बुवांनी हातांवरची नजर काढली नाही.

“बरं, दमलेय! माझे हात चार गोळ्यांच्या वर चालत नाहीत. मग मी विचारूच नको का काही? ही कसली रीत? धडधाकट माणसांनीच प्रश्न विचारायचे?”

बुवांनी वाकून तिच्या ओंजळीतला तो अर्धवट गोळा उचलला आणि मळायला लागले.

“विचार.”

“पण रीत...”

“हात चालू हवेत, एवढीच रीत आहे. माझ्या गुरूंना शेवटी लकवा झाला होता. त्यांचे प्रश्न असायचे आणि मी जात्यावर बसायचो.” बुवांनी मेणावर अंगठा दाबला. “आता खरं विचार. मघापासून नुसता धडा शिकवतेयस.”

बराच वेळ ती बोलली नाही. बुवा मात्र मळत राहिले, ती बोलत असल्यासारखे.

“मुलगी आहे मला,” ती शेवटी म्हणाली. “सानू. अडीच वर्षांची. कऱ्हाडला असते, जाऊबाईंकडे. ऑपरेशनच्या आधी पाठवली. मला जंतुसंसर्ग चालत नव्हता, आणि तिचं नाक तर बारा महिने वाहतं.”

“अजून चालत नाही?”

“डॉक्टर म्हणाले, आणा आता, काळजी घ्या म्हणजे झालं.”

“कधी म्हणाले?”

“...तीन महिन्यांपूर्वी.”

बुवांनी नुसता गोळा फिरवला.

“मी पूर्ण बरी झाले ना, की त्याच दिवशी आणणार आहे. त्याच दिवशी. तिची खोली लावून ठेवलीय मी. पडदे बदललेत. पण अशी अर्धी आई तिला काय कामाची? संध्याकाळी मला केसही विंचरता येत नाहीत स्वतःचे.” ती थांबली, श्वास घेतला. “मे महिन्यात गेले होते भेटायला. पलंगाजवळ उभी राहून तिने हात वर केले. उचल म्हणून. मी उचललं. कमरेपर्यंत आणलं, आणि... हात सुटले, बुवा. मी सोडलं नाही. सुटले. तिचा ओठ फुटला पलंगाच्या कडेवर. जाऊबाई चांगल्या आहेत हो, काही बोलल्या नाहीत. तिला घेऊन आत गेल्या, एवढंच. आतून सानूचा आवाज आला. आई, आई. मी उठले. तर ती जाऊबाईंना म्हणत होती.”

“तुला काय म्हणते?”

“मोबाईलमधली आई.”

बुवांचा गोळा पुरा झाला. त्यांनी तो तिच्या चपट्या गोळ्याशेजारी ठेवला, धोतराला हात पुसले आणि उठले.

अंगणाच्या टोकाला जांभळाखाली मधमाश्यांच्या सहा पेट्या होत्या. सातेरी माश्या, गरीब जातीच्या. पण शेवटच्या पेटीभोवती गुणगुण निराळी होती. जाड, चिडकी. शलाका त्यांच्या मागे निघाली, तसा बुवांनी आडवा हात केला.

“तू तिथेच. तुला काही झालं तर तुझे डॉक्टर मला चावतील.”

ती ओट्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. बुवांनी ना जाळी घेतली ना धूर. उघड्या हाताने पेटीचं झाकण उचललं आणि हात आत घातला. चौकटीच्या कडेवर ठेवून शांत उभे राहिले, पाळण्यावर हात ठेवावा तसे.

लगेच एक माशी डसली. मग मनगटावर दुसरी. बुवांनी डोळे बारीक केले. हात हलवला नाही. चांगला वेळ गेल्यावर त्यांनी झाकण लावलं आणि नखाने एकेक काटा खरवडून काढत परत आले.

“हे काय केलंत?” शलाका खांब सोडून पुढे आली. “या इतक्या रागीट का?”

“राणी वाईट होती. तिच्या पोटच्या साऱ्या अशाच. दिसेल त्याला डसायच्या. एकदा मलाच पाच-पंचवीस डसल्या, मी त्यांना पाजलेलं साखरपाणी अजून हातावर असताना. दीड महिन्यापूर्वी ती राणी काढली, मवाळ पेटीतली नवी दिली.”

“मग अजून कशा डसतात?”

विचारता विचारताच तिला उत्तर कळलं. तिने ते बारावीला शिकवल्यासारखं स्वतःशीच म्हटलं. “जुन्या शिल्लक आहेत. नव्या राणीची पिल्लं आत्ता कुठे बाहेर पडत असतील. जुन्या मरेपर्यंत पेटीचा स्वभाव बदलणार नाही.”

“हुशार आहेस,” बुवा म्हणाले. त्यांचं मनगट सुजायला लागलं होतं.

“मग थांबा ना तोवर. महिनाभराने हात घाला. आता डसून घ्यायचं काय अडलंय?”

“आतल्या नव्यांना हाताची सवय नको व्हायला?”

शलाका हसली. इथे मात्र ती पक्की होती. “बुवा, माफ करा, पण माश्यांना तसं हात ओळखणं वगैरे नसतं. शिवाय त्या जगतात किती? दोन महिने. तुमच्या हाताचं त्यांना काही नाही.”

“नसेल.”

“मग?”

बुवांनी सुजलेला हात कोमट पाण्याच्या घमेल्यात बुडवला. पाण्यावर मेणाची साय धरली होती, ती फाटली.

“एका साली मी थांबलो होतो,” ते म्हणाले. “अशीच पेटी होती. म्हटलं, निवू देत आधी. दोन महिन्यांत निवल्या. सशासारख्या झाल्या. मी झाकण उघडलं... आणि हात आत जाईना. माश्या गुणगुणतायत, मध भरलाय, आणि मी उभा. रोज उद्यावर ढकललं. चैत्रात एक दिवस बघतो तर पेटी रिकामी. उठून गेल्या होत्या.”

“कुठे?”

“जिथे कुणी हात घालत असेल तिथे.”

गोळीची वेळ झाली. तिच्या पिशवीत मोबाईल वाजायला लागला. बुवांनी तांब्या पुढे केला. शलाकाने गोळी जिभेवर ठेवली, हनुवटीला हाताचा आधार दिला आणि तीन घोट करून ती कशीबशी गिळली. या वेळी तिने मान वळवली नाही.

मग मोबाईल हातात धरून ती बसून राहिली. कऱ्हाडचा नंबर सगळ्यात वर होता. अंगठा त्याच्यावर गेला, मागे आला.

“बुवा.”

“हं.”

“ती दारातून आत येईल आणि हात वर करेल.”

“करेल.”

“ती सारखंच करते. आणि मला तिला उचलता येणार नाही. उद्या नाही, परवाही नाही. कदाचित कधीच...” तिचा आवाज पुन्हा नाकात गेला. “मग मी काय करायचं? सांगा ना. ती हात वर करून उभी राहील तेव्हा मी काय करायचं?”

बुवांनी मेणाचा नवा लपका उचलला आणि मळायला लागले.

“खाली बसायचं.”