मधाची दशमी

फार पूर्वी ग्रीस देशातल्या एका डोंगराळ गावात मिरिनी नावाची म्हातारी राहत होती. ती मातीच्या मडक्यांत मधमाश्या पाळी. त्या गावची समजूत अशी, की माणूस मेला की हर्मीस देव त्याला पाताळात घेऊन जातो. तिथे हेडीस राजाचे राज्य, आणि दाराशी तीन डोक्यांचा कुत्रा, सर्बेरस. त्याने अडवू नये म्हणून मृताच्या हाती मधात मळलेली दशमी देत. गावातल्या या सगळ्या दशम्या मिरिनीच करी, आणि कुणाकडून काही घेत नसे.

पहिली दशमी तिने स्वतःच्या लेकीसाठी, लहानग्या क्लिओसाठी केली होती. तेव्हापासून तिची एकच इच्छा उरली होती. पलीकडे गेल्यावर लेक भेटावी. म्हणून आपलीही दशमी तिने खरपूस भाजून फळीवर झाकून ठेवली होती.

एका वर्षी पाऊसच झाला नाही. डोंगरावर फूल उमलले नाही, मधमाश्यांची मडकी रिकामी पडली. गावात बोटाला लावायलाही मध उरला नाही. त्याच दिवसांत एक परका वाटसरू विहिरीपाशी कोसळला आणि मेला. लोकांनी त्याच्यासाठी खड्डा खणला, पण दशमीचे नाव कुणी काढेना.

मिरिनीने फळीवरची दशमी उचलली. शेजारची थिओनी तिच्या वाटेत आडवी आली.

"मावशी, ना ओळख ना पाळख, आणि त्याला देता? तुमची वेळ आली की त्या कुत्र्याला काय, गाणं म्हणून दाखवणार?"

"त्याची वेळ आज आली आहे, बाई. माझी अजून यायची आहे," मिरिनी म्हणाली, आणि तिने ती दशमी परक्याच्या मुठीत ठेवली.

पण डोंगरावर पुन्हा फुले येण्याआधीच मिरिनी गेली. थिओनी मधासाठी घरोघर फिरली. कुठे थेंबसुद्धा मिळाला नाही.

पाताळाच्या दाराशी मिरिनी रिकाम्या हातांनी उभी राहिली. आत फिकट फुलांचे कुरण दिसत होते. तिथेच कुठेतरी क्लिओ असणार. सर्बेरस गुरगुरू लागला. हर्मीसने हळूच विचारले, दशमी कुठे आहे?

"दिली, देवा. एकाला माझ्याआधी लागली."

हर्मीसने मान खाली घातली. या दारात त्याचेही काही चालत नसे.

तरी मिरिनी पुढे झाली. आपण काही लपवलेले नाही, एवढे कुत्र्याला दिसावे म्हणून तिने दोन्ही तळवे पुढे केले.

गुरगुर थांबली. तीन नाके तिच्या हातांशी आली. त्या गावाहून आलेल्या प्रत्येक दशमीला हाच वास होता. त्या परक्याच्या दशमीलाही. जन्मभर मळताना तो तिच्या हातांत मुरला होता. सर्बेरसची शेपटी हलू लागली. हात दोनच आणि तोंडे तीन, त्यामुळे चाटण्यासाठी त्याची डोकीच एकमेकांना ढकलू लागली.

हर्मीस हसला. "आजवर याने दशम्याच खाल्ल्या. करणारी आज भेटली."

मिरिनी ओले हात वस्त्राला पुसत आत गेली. कुरणातून एक मुलगी धावत आली.

"आई, किती वाट पाहायला लावलीस!"

तात्पर्य: अडलेल्यासाठी स्वतःजवळचे शेवटचेही देणारा माणूस पुढे कधी स्वतः अडला, तर त्याने केलेले चांगले कामच त्याला वाट करून देते.