तीन वाड्यांचं पाणी

एकदा काय झालं, एका डोंगरातला झरा आटत चालला. झऱ्यात एक यक्षीण राहायची. पायथ्याला तीन वाड्या होत्या, वरली, मधली आणि खालची. पाणी थोडं, तोंडं फार. मग काय, रोज भांडणं, रोज डोकी फुटायची.

वरल्या वाडीत राही नावाची मुलगी होती. शाळेत त्रैराशिक आलं की पंतोजींवर रुसायची. "एवढ्या माणसांना एवढं, तर तेवढ्यांना किती? मला काय करायचंय!"

मग एका सकाळी यक्षीण वर आली. केस शेवाळासारखे हिरवेगार, बरं का! म्हणाली, "सूर्य बुडायच्या आत न्यायानं वाटणी करा. नाहीतर झरा पदराला बांधून मी चालले पाताळात."

वरलीचे पाटील पुढं झाले. "झरा आमच्या दारात, आधी आमचा पाट!" पाट खणला, तर त्यातून नुसती वाळू वाहिली.

मग मधलीचे लोक म्हणाले, "तिघांना सारखं." तीन सारखे पाट काढले. पण खालची वाडी केवढी दाटीची! तिथली लेकरं तहानलेलीच राहिली. झाली पुन्हा वाळू.

मग राहीनं काटकी घेतली आणि मातीत त्रैराशिक मांडलं. तिन्ही वाड्यांची माणसं धरली, तान्ही बाळंसुद्धा. उत्तर आलं, आणि बघते तर काय? सगळ्यात अरुंद पाट तिच्याच वाडीला!

तिला वाटलं, एखादा आकडा हळूच वाढवावा. कुणाला कळतंय? तिनं सगळं पुसलं, पुन्हा मांडलं. उत्तर तेच. मग तिनं ते मोठ्यानं सांगून टाकलं.

राहीचे काका कडाडले, "आपल्याच वाडीच्या मुळावर उठलीस, कार्टे?"

राहीनं काटकी त्यांच्यापुढं धरली. "काका, माझं नका ऐकू. तुम्हीच मांडून बघा."

काकांनी मांडलं. मधलीच्या म्हातारीनं खडे ठेवून ताडून पाहिलं. खालच्यांनी बोटांवर मोजलं. सगळ्यांचं उत्तर एकच! मग पाटलांच्या मोठ्या आवाजाला काय जोर उरला? माणसांनी लाठ्या टाकल्या नि कुदळी उचलल्या.

नवे पाट उघडले आणि पाणी आलं, गारेगार, खळाळतं. यक्षीण हसली आणि बुडी मारून आपल्या घरी गेली.

काका काही दिवस राहीशी बोलले नाहीत. मग एका सकाळी आपणहून तिच्या डोक्यावर घागर चढवायला आले.

अशा तिन्ही वाड्या सुखानं नांदल्या, तुम्हीही नांदा. चला, पांघरूण ओढा आता. मिटा डोळे.