चांगुणेच्या परड्याला चव लागली

शेवट ओळखा बघू. ओळखेल त्यानं येऊन माझी मिशी ओढावी, मी हूं की चूं करणार नाही. चुकलात तर उद्या माझ्या घरामागच्या परड्यातलं तण उपटायचं. कबूल? मग सरका जवळ. पाय मात्र मातीवर टेकू नका.

फार मागं, आपल्या खाडीत शिडाच्या होड्या यायच्या तेव्हा, इथं चांगुणा नावाची बाई राहायची. तिच्या गाईचं सगळं दूध खोताकडं जायचं, त्यापायी वासरू उपाशी मेलं. गाय दारात उभी राहून हंबरत राहिली. तेव्हापासून चांगुणेनं दूध सोडलं. मग मासळी, अंडी, मधसुद्धा. खाडीकाठची बाई आणि मासळी सोडली, म्हणून गाव हसला. खोत म्हणाला, "चांगुणे, आता वारा खाणार काय गं?"

"परड्यात पिकेल ते खाईन," ती म्हणाली. "आणि परडंही कुणाचा जीव घेऊन वाढवणार नाही."

बाकीचे माडाला, भाताला खत म्हणून सुक्या मासळीचा कुटा घालायचे. ही नुसता पाला कुजवायची. आधी ओंजळभर पाला मातीला, मग स्वतःला घास. म्हणायची, मातीला मांसाची चव लावू नका, मग तिला पाला गोड लागत नाही. तिची भाजी खाऊन आजारी माणूस उठून बसायचा, असं म्हणतात. मी नव्हतो तिथं. एवढा म्हातारा दिसतो का मी?

पुढं खोताच्या लेकीचं लगीन निघालं. त्याला पंगतीला हिचेच भोपळे हवे होते, तेही मोठे आणि लवकर. ती म्हणाली, भोपळा त्याच्या वेळेनं वाढेल. मग ती पाला आणायला रानात गेली तेवढ्यात खोतानं माशांची आतडी आणि हाडं टोपल्यांनी आणून परड्यात पुरली. भोपळे गाडीच्या चाकाएवढे झाले. गाव जेवला, बोटं चाटली.

लगीन झालं, आणि पाला मातीवर तसाच पडून राहायला लागला. चांगुणेनं जमिनीला कान लावला. आत कुणीतरी चावत होतं. कुरूम, कुरूम.

आधी परड्यातले बेडूक गेले. मग कोंबड्या. मग कडेला बांधलेली खोताची म्हैस गेली, दावं तेवढं उरलं. खोतानं घाबरून आणखी मासळी ओतली. मातीनं ती गिळली आणि परड्याची कड वीतभर घरांकडं सरकली. मग रोजच सरकायला लागली, असं म्हणतात. आया पोरांना कडेवरून खाली उतरवीनात. कड पहिल्या घराच्या उंबऱ्याला लागली तेव्हा खोत चांगुणेच्या पायावर पडला आणि काय पुरलं ते बोलला.

आता तुम्ही म्हणाल, चांगुणेनं परड्यात उडी घेतली. हरलात. उद्या तण.

वेलावर एकच भोपळा उरला होता. जमिनीनं गिळलेलं सगळं त्यात चढलं होतं. चांगुणा त्याच्यासमोर मातीवर बसली.

"मातीला लागलेली चव मी घेते," ती म्हणाली. "मग ही विसरेल."

आणि तिनं तो खाल्ला. साल, बी, सगळं. घासागणिक आतलं चावणं मंदावत गेलं. शेवटचा घास उतरला आणि आवाज थांबला. तिनं ओंजळभर पाला टाकला. तिन्हीसांजेला पाहिलं तर मातीनं तो खाल्ला होता.

म्हणून आजही पहिली भाजी निघाली की आपल्या गावात त्या दिवशी दूध नाही, मासळी नाही. गावातली थोरली बाई पंगतीत विचारते, "हिनं काय खाल्लं?" पिकवणाऱ्यानं मातीला हात लावून सांगायचं, "पाला." मगच पहिला घास. चांगुणेच्या नावानं एक पान मांडतात, पण त्यावर वाढत काही नाहीत.

कारण ती त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. गावाला भाजी पुरवत राहिली. पण तिच्या जिभेला कोवळी काकडीही रक्तासारखी लागायची, साधा भातही. ती डोळे मिटून गिळायची.