फुलपात्रावरचा चमचा

निरोप आला तेव्हा मठात तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासायचं काम चाललं होतं. आजारी बायकोपाशी शेजाऱ्यांना बसवून तासभर सेवेला आलेला उमाकांत समई पुसत होता. पलीकडच्या काठावरून होडीने आलेला त्याचा शेजारी पायरीवरच थांबला आणि म्हणाला, "सरोजवहिनी गेल्या."

उमाकांतने हातातली समई आधी पूर्ण पुसली. मग उठला.

तेरावं झाल्यावर त्याने घराला कुलूप लावलं आणि तो मठात परत आला. ओसरीच्या कोपऱ्यात ध्यानाला बसू लागला. थंडी सरली, ऊन तापू लागलं.

एका दुपारी तो मठाचे प्रमुख गंगाधरबुवा यांच्यासमोर येऊन बसला.

"बुवा, मला दीक्षा कधी देणार?"

बुवा शेंगा सोलत होते. "दीक्षा घेतली की स्वतःच्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही. माहीत आहे ना?"

"म्हणूनच मागतोय."

"घाई कशाची?"

"आता मन हलत नाही."

"कशावरून?"



"सरोजची वाचा गेली होती. पाणी हवं असलं की पडल्या पडल्या ती फुलपात्रावर चमचा वाजवायची. मी झोपेत असलो तरी उठायचो. जाग यायच्या आधी पाय जमिनीवर असायचे. इतकं ते अंगात भिनलं होतं... काल इथल्या स्वयंपाकघरात कुणीतरी अगदी तसाच चमचा वाजवत होतं. मी ऐकलं, आणि बसून राहिलो."

"तो मीच. चहा मागत होतो. कुणी दिला नाही."

उमाकांतला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

"म्हणजे सुटलं म्हणतोस?"

"सुटलं, बुवा."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? इथे. मठात."

बुवांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"घराची किल्ली जवळ आहे?"

"आहे. पण तिथे आता काय आहे?"

"तेच बघू."

दोघं होडीने पलीकडच्या काठावर गेले.

कुलूप गंजलं होतं, पण उघडलं. आत सगळं होतं तसंच होतं. खाट, खाटेशेजारी स्टूल, स्टुलावर पालथं फुलपात्र आणि चमचा. पडवीत वेताची खुर्ची.

"तू कुठे बसायचास?"

"या खुर्चीत. शाळेच्या वह्या तपासत."

"बस मग."

"ध्यान लावू?"

"लागलं तर लाव. मी जरा पाठ टेकतो. तुझ्या त्या होडीने कंबर मोडली."

बुवा आत गेले. खाट करकरली.

उमाकांतने डोळे मिटले. श्वास संथ झाला, मठात व्हायचा तसाच. रस्त्यावरून सायकल गेली. शेजारच्या अंगणात कोंबड्यांनी कालवा केला. तो हलला नाही.

आत फुलपात्रावर चमचा वाजला. हलकेच.

उमाकांत भानावर आला तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा होता. एका हातात माठावरचं झाकण होतं. दुसरा हात तांब्यासकट माठात गेला होता. तांब्या तळाला लागून खट्ट आवाज झाला होता.

माठ कोरडा होता.

तांब्या जागेवर ठेवावा की हातात धरून राहावं, हे त्याला कळेना. मग आतल्या खोलीच्या दारात आला. बुवा सरोजच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते.

"बुवा... मी काहीच शिकलो नाही."

"शिकलास की. तिथे बसायला शिकलास, इथे उठायला."

"मग यातलं माझं खरं मन कुठलं?"

बुवांनी पाठमोऱ्यानेच हातातला चमचा स्टुलावर ठेवला.

"मी मठात येऊ, की इथेच राहू?"

बुवा कुशीवर वळले, सावकाश उठून बसले. रिकामं फुलपात्र त्यांनी उमाकांतपुढे धरलं.

"पाणी अजून आलेलं नाही."